लांब पल्ल्याच्या दुर्बिणीचा हट्ट सोडा

बिबट्या वस्तीत शिरला की दोन दिवसांत एक मागणी पुढे येते. वनखात्याला आणि पोलिसांना लांब पल्ल्याच्या शिकारी रायफली द्या, त्यांवर तगड्या दुर्बिणी बसवा, म्हणजे कुणाचा जीव धोक्यात न घालता दुरूनच काम उरकेल. लखनौत आमच्या आलमबागेला लागून असलेल्या आशियानात २०१८ च्या फेब्रुवारीत बिबट्या शिरला आणि अखेर पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा ही मागणी झाली. २०२४ च्या डिसेंबरात शहराच्या वेशीवर रहमानखेड्यात वाघ आला, तेव्हा पुन्हा झाली. महाराष्ट्रात जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या ऊसपट्ट्यातून नातेवाईक फोन करतात, तेव्हा तेही हेच बोलतात. नीलगाय आणि रानडुकरांनी पिके तुडवलेले शेतकरी त्यात भर घालतात, की आम्हालाही अशीच दुर्बीण लावलेली रायफल द्या, आमचे आम्ही बघून घेऊ.

मी या मागणीच्या विरोधात लिहितो आहे. मागणी करणाऱ्यांचा संताप मला खोटा वाटत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यात गेली. ज्या घरातले मूल गेले त्या घराला संयम शिकवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण संतापाच्या भरात मागितलेले हत्यार पुढची वीस वर्षे कुणाच्या तरी खांद्याला असणार आहे. ते चुकीचे निवडले तर त्याची किंमत त्याच गावांना मोजावी लागेल, आणि म्हणून हे आताच स्पष्ट बोलायला हवे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्या अंतरावर गोळी झाडायची जबाबदारी प्रत्यक्षात येते, त्या अंतरासाठी दुर्बीण निवडायची असते. आणि काचेपेक्षा तिच्या बैठकीवर, म्हणजे रायफलीवर ती बसवणाऱ्या जोडणीवर, आणि बैठकीपेक्षा ती वापरणाऱ्या माणसावर जास्त खर्च करायचा असतो. लांब पल्ल्याची दुर्बीण मागणारे हा क्रम उलटा लावतात. सगळ्यात आधी काच, मग जमलीच तर बैठक, आणि माणूस कुठून तरी मिळेल, हा त्यांचा हिशेब आहे.

आधी कायदा पाहू, कारण बरीच चर्चा तो नसल्यासारखी चालते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ९ व्या कलमाने शिकारीला बंदी आहे. वाघ आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारण्याची परवानगी ११ व्या कलमाखाली राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो, आणि तीही लेखी कारणांसह. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे, त्याला पकडता येत नाही, गुंगी देता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, अशी त्याची खात्री पटावी लागते. अंगावर आलेल्या प्राण्याला स्वसंरक्षणात मारणे हा गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे या देशात वाघ-बिबट्यावर गोळी कायदेशीरपणे सुटते ती मुख्यतः दोन वेळा. एक तर पिंजरा आणि गुंगीची सुई दोन्ही हरल्यावर, नाहीतर प्राणी समोर उभा ठाकल्यावर. या दोन्ही वेळा जवळच्या आहेत. चारशे मीटरवरच्या शिकारीसाठी घडवलेल्या दुर्बिणीला या चित्रात जागाच उरत नाही.

हे नुसते कायद्याचे बोट धरून चालणे नाही. प्रत्यक्षात काय घडते तेही पाहा. आशियानातला बिबट्या घरांच्या दाटीत होता. आजूबाजूला बघ्यांची गर्दी होती. अशा जागी दोनशे मीटरची मोकळी नजर मिळत नाही, आणि मिळाली तरी त्या रेषेत माणसे असतात. रहमानखेड्याचा वाघ केंद्रीय उपोष्ण बागायती संस्थेच्या आवारात आणि भोवतालच्या आमराईत तीन महिने फिरत राहिला. मार्च २०२५ मध्ये तो सापडला तो गुंगीच्या सुईने, आणि ही सुई जवळूनच मारावी लागते. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याची टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणतात, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी गावाजवळ उघड्या जीपमधून अवघ्या काही मीटरांवरून मारली गेली. त्या गोळीवर पुढे किती वाद झाले ते महाराष्ट्राला माहीत आहे. सुई आधी मारली की नाही, वाघीण अंगावर येत होती की पाठमोरी होती, यावर अहवाल आले, आरोप झाले. पण दुर्बीण कमी पडली अशी तक्रार त्या वादात कुणीही केली नाही. पिंपरखेडच्या बिबट्यालाही रात्री सुई मारण्याचा प्रयत्न आधी झाला, तो फसल्यावर गोळी सुटली. मागे गेलो तर रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला जिम कॉर्बेटने १९२६ मध्ये मारले ते गुलाबराईच्या आंब्यावर बसून, रायफलीला विजेरी बांधून, खाली बांधलेल्या बकरीवर तो आल्यावर. जवळपास शंभर वर्षांत शस्त्रे बदलली, अंतर बदलले नाही.

आता लांब पल्ल्याच्या दुर्बिणीचे मुख्य समर्थन घेऊ. ते असे, की जितके मोठे दिसेल तितका नेम अचूक. दुकानात उभे राहून समोरच्या इमारतीवरचा फलक वाचला की हे खरे वाटते. रायफल खांद्याला लावून हललेल्या सावलीवर रोखली की खोटे ठरते. चोवीस पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत शंभर मीटरवर साधारण दीड मीटर रुंदीचे चित्र मावते. तीस मीटरवर ते अर्ध्या मीटरवर येते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत बिबट्या दोन मीटरच्या घरात भरतो. म्हणजे नेमबाजाला दिसणार ठिपक्यांचा एक तुकडा. तो खांदा आहे की मांडी, हेही त्या घाईत कळणार नाही, आणि पलीकडे माणूस उभा असेल तर तो चित्रातच नसेल. कित्येक मोठ्या दुर्बिणी इतक्या जवळ फोकसही होत नाहीत. शिवाय जितकी पट वाढवाल तितकी हाताची थरथरही मोठी दिसते. नवखा माणूस ती थरथर पाहून घाबरतो आणि दुर्बिणीतली नेमाची फुली नेमक्या जागेवरून जाताना ट्रिगर हिसकतो. नेम बिघडण्याचे याहून जुने कारण नाही.

उजेडाचा हिशेब तर साध्या भागाकाराचा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, इतक्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत पोचतो. ५० मिलिमीटर भिंगाची चोवीस पटीची दुर्बीण डोळ्याला जेमतेम दोन मिलिमीटरचा झोत देते. अंधारात माणसाची बाहुली पाच ते सात मिलिमीटरपर्यंत उघडते. ४२ मिलिमीटर भिंगाची सहा पटीची साधी दुर्बीण बरोबर सात मिलिमीटरचा झोत देते. बिबट्याची वेळ म्हणजे तिन्हीसांज आणि पहाट. त्या वेळी महागड्या मोठ्या दुर्बिणीतून काळोख दिसतो आणि साध्या दुर्बिणीतून प्राणी दिसतो. म्हणून या कामाला दुर्बीण हवीच असेल तर ती दीड-दोन पटीपासून सहा-सात पटीपर्यंत बदलणारी हवी, जवळ दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरता येईल अशी. मधला ठिपका मंद उजळणारा असावा, म्हणजे काळ्या पाठीवर काळी फुली हरवत नाही. हे मी मान्य करतो, आणि मनापासून करतो. चाळिशी ओलांडलेल्या वनरक्षकाला संधिप्रकाशात मागची खाच, पुढची माशी आणि प्राणी हे तिन्ही एका वेळी स्पष्ट दिसत नाहीत. चांगली छोटी दुर्बीण हा त्याचा प्रश्न खरोखर सोडवते. विरोध दुर्बिणीला नाही, पल्ल्याच्या हव्यासाला आहे.

दुसरे समर्थन असे, की लांबून मारणे झाडणाऱ्याला सुरक्षित आणि प्राण्यालाही कमी त्रासाचे. यातले दोन्ही भाग चुकीचे आहेत. तीस-शून्य-सहाच्या रायफलीची गोळी घ्या. शंभर मीटरवर झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवून घेतलेली, असेल तर दोनशे मीटरवर ती बारा-पंधरा सेंटीमीटर खाली लागते, आणि तीनशेवर चाळीस सेंटीमीटरहून अधिक. बिबट्याचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जेवढी जागा होते तिच्यापेक्षा ही चूक मोठी आहे. अंतर मोजणारे यंत्र आहे ना, असे उत्तर येईल. आहे. पण मंद आडवा वारा त्याच तीनशे मीटरवर गोळीला जवळजवळ वीतभर बाजूला नेतो, आणि झाडणाऱ्याच्या गालाला लागणारा वारा मधल्या शेतावर तसाच असेल याची हमी कुठलेच यंत्र देत नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ. तीनशे मीटर जायला गोळीला सेकंदाच्या चार दशांशांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात रमत चालणारा प्राणीही अर्ध्या मीटरहून पुढे सरकतो. खांद्यावर धरलेला नेम पोटात लागतो. नेमबाज कितीही तयारीचा असला तरी ट्रिगर दाबल्यावर प्राण्याने टाकलेले पाऊल त्याच्या हातात राहत नाही.

पोटात गोळी लागलेला बिबट्या तिथे पडत नाही. तो उसात, झुडपात, ओढ्यात शिरतो. मग त्याच्या मागे कुणी तरी पायी जावे लागते, आणि ती भेट पाच मीटरवर होते. जखमी बिबट्याच्या मागावर जाण्याइतके धोक्याचे काम जंगलात थोडेच असते. लांबून झाडण्याची सुरक्षितता अशी एका गोळीपुरतीच टिकते. नंतरचा सगळा धोका त्या वनरक्षकाच्या वाट्याला येतो ज्याच्या हातात बहुतेक वेळा काठी असते.

आणि चुकलेली गोळी? ती कुठे तरी जातेच. या जातीची गोळी तीन किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. सह्याद्रीच्या उतारावर पाठीमागे डोंगर असतो, तो गोळी अडवतो. गंगेच्या मैदानात टेकडी नाही. इथे आशियाना, आलमबाग, कृष्णानगर या एकमेकींना चिकटलेल्या वस्त्या आहेत. इथल्या सपाटीवर सपाट रेषेत झाडलेली लांब पल्ल्याची गोळी म्हणजे कुणाच्या तरी अंगणाच्या दिशेने झाडलेली गोळी. शेतकऱ्यांना दुर्बिणी लावलेल्या रायफली वाटा म्हणणाऱ्यांनी आधी या सपाटीवर उभे राहून चारी दिशांना पाहावे. बिहारने २०१६ मध्ये मोकाम्याच्या टापूत नीलगायी मारल्या तेव्हाही राज्याने बाहेरून निवडक नेमबाज बोलावले होते. तरीही त्यावरून केंद्रातच मनेका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. ती कारवाई योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण गावोगाव दुर्बिणी वाटण्याची कल्पना तेव्हाही कुणी जबाबदार माणसाने मांडली नाही, आणि आज ती मांडली जाते आहे याची मला खरी काळजी वाटते.

आता बैठकीकडे येतो, कारण या सगळ्या चर्चेत तिचा उल्लेखच होत नाही. लोक दुर्बिणीवर लाखभर खर्च करायला तयार होतात आणि ती रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा उरलेल्या सुट्या पैशांत घेतात. त्या रिंगा काय करतात ते आकड्यात सांगतो. दोन रिंगांमध्ये दहा सेंटीमीटरचे अंतर आहे असे धरा. त्यांपैकी एक रिंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकली, म्हणजे वहीच्या एका साध्या पानाच्या जाडीइतकी, तर शंभर मीटरवर नेम दहा सेंटीमीटर हलतो. तीनशे मीटरवर तीस. जगातली सर्वांत उत्तम काच या एका पानाची भरपाई करू शकत नाही. उलट काच जितकी उत्तम तितकी ती चुकीची जागा अधिक स्वच्छ दाखवते, आणि झाडणाऱ्याचा विश्वास वाढवते.

बैठक नीट करणे म्हणजे काय, हे ज्याला दुर्बीण मागायची आहे त्याला सांगता आले पाहिजे. पाया रायफलीच्या धातूवर नेमका बसला पाहिजे, खाली तेलाचा थर राहता कामा नये. त्याचे स्क्रू ठरलेल्या जोराने आणि न सुटणाऱ्या चिकट द्रव्याने आवळलेले असावेत. दोन्ही रिंगा एका रेषेत हव्यात, नाहीतर दुर्बिणीची नळी पिळली जाते आणि आतली क्लिकची यंत्रणा खोटे बोलू लागते. रिंगांचे स्क्रू मोजमापाच्या टॉर्क पान्याने, एकाआड एक, थोडे थोडे आवळायचे. रिंग बनवणारा आकडा देतो, तो बहुधा दोन न्यूटन मीटरच्या आसपास असतो. मनगटाच्या अंदाजाने आवळणारा हमखास जास्त आवळतो आणि नळीला चेप पाडतो. डोळा आणि मागचे भिंग यांत आठ-नऊ सेंटीमीटर अंतर राहील अशी दुर्बीण पुढेमागे करायची. तेही टेबलावर ठेवून ठरत नाही, प्रत्यक्ष झाडण्याच्या पवित्र्यात, अंगावरच्या जाड जाकिटासह ठरते. फुलीची उभी रेघ खरोखर उभी असावी लागते. रायफल पाच अंश कलली तर तीनशे मीटरवर गोळी सात सेंटीमीटरच्या आसपास बाजूला जाते. मग नेहमी वापरायच्या त्याच काडतुसाने झिरो करायचे, तारीख आणि अंतर नोंदवायचे, आणि रिंगेवर व नळीवर रंगाची एक बारीक खूण ओढायची, म्हणजे काही सरकले तर डोळ्याला दिसेल. शंभर मीटरवर झिरो केलेली रायफल वीस मीटरवर दोनेक सेंटीमीटर खाली मारते, कारण दुर्बीण बंदुकीच्या नळीच्या वर बसलेली असते. हेही झाडणाऱ्याला पाठ हवे.

आमच्या आलमबागेत उत्तर रेल्वेचा डबे आणि वाघिणी दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना आहे. तिथल्या कामगाराला कुणी सांगून पाहावे, की डबा नवा कोरा आहे तेव्हा बोगीचे बोल्ट हाताने आवळ, चालेल. तो ऐकून घेणार नाही. प्रवाशांचा जीव रंगावर टांगलेला नसतो, बोल्टावर असतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. वनखात्याच्या शस्त्रागारात तीच शिस्त मागायला आपण का कचरतो? रायफल जीपच्या मागे टाकून खडकाळ वाटेवरून तीस किलोमीटर नेली, रात्री उतरवली आणि न तपासता रोखली, तर तिचा झिरो कागदावर आहे, रायफलीवर नाही.

उत्तर भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथे परवान्यावर घरोघरी दिसणारी रायफल म्हणजे सरकारी कारखान्यातली .३१५. तिची ८ मिलिमीटरची काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत, त्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असतात. हा बोअर इथे रुजला कारण .३०३ सारखे लष्करी बोअर सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाहीत. ही रायफल जुन्या ली-एनफिल्डच्या घडणीवर बेतलेली आहे आणि खाच-माशीच्या साइटवर, मध्यम अंतरासाठी वापरायच्या हिशेबाने केलेली आहे. कुणी तरी गल्लीतल्या कारागिराकडून तिच्या माथ्यावर भोके पाडून घेतो, पट्टी ठोकतो आणि तिच्यावर एअरगनची स्वस्त दुर्बीण चढवतो. दहा-वीस गोळ्यांनंतर धक्क्याने आतली फुली तुटते नाहीतर पट्टी ढिली होते. त्याहून वाईट म्हणजे भोक चुकीच्या जागी पडले तर स्फोटाचा दाब पेलणारा भागच कमकुवत होतो. ‘दुर्बीण लावा’ म्हणणे सोपे आहे. कोणत्या रायफलीवर, कुणाच्या हातून, याचे उत्तर दिल्याशिवाय ते म्हणणे बेजबाबदार आहे.

इतिहासही या हट्टाच्या बाजूने उभा राहत नाही, आणि तो इतिहास आमच्या दारातून जातो. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रज सेनानी हॅवलॉकच्या फौजेने आलमबाग घेतली. नोव्हेंबरात हॅवलॉक दिलखुशात वारला आणि त्याला इथेच पुरले. पुढे मार्च १८५८ पर्यंत आउट्रमने ही जागा लढवत ठेवली. त्या लढाईत इंग्रजांच्या हाती एनफिल्ड रायफल होती. तिच्या उभ्या करायच्या साइटवर नऊशे यार्ड आणि त्याहूनही लांबचे आकडे कोरलेले असत. पण आकडे कोरल्याने शिपाई तेवढ्या लांब मारू लागला नाही. हे ओळखून इंग्रजांनी १८५३ मध्येच इंग्लंडात हाइथ येथे बंदुकीची शाळा काढली होती. तिथे नुसत्या डोळ्याने अंतर ओळखण्याची तालीम हा शिक्षणाचा गाभा होता. साइट लांब झाली तेव्हा साम्राज्याला आधी शाळा काढावी लागली. आपण मात्र शाळेशिवाय साइट मागतो आहोत. १८५७ च्या त्याच नोव्हेंबरात सिकंदरबागेत पिंपळावर चढून इंग्रजी शिपायांना टिपणाऱ्या उदादेवी पासी यांची आठवण लखनौ आजही ठेवते. त्यांच्याजवळ कसलीही काच नव्हती. जागेची निवड, जवळचे अंतर आणि न ढळणारे मन यांच्या बळावर त्या लढल्या.

रायफलीवर दुर्बीण बसवण्याच्या आरंभीच्या कहाणीत मुंबई फौजेतला एक अधिकारी आहे. डेव्हिड डेव्हिडसन त्याचे नाव. हिंदुस्थानात असतानाच त्याने रायफलवर दुर्बीण लावून पाहिली, आणि पुढे त्याच्या नावाची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगाला बसू लागली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांनी ती वापरली. त्या नेमबाजांचे डोळे लढाईनंतर काळेनिळे झालेले असत असे सांगतात, कारण भिंग डोळ्याच्या फार जवळ होते आणि रायफलीचा धक्का थेट भुवईवर बसे. काच चांगली होती, बैठक डोळ्याला मानवत नव्हती. दीडशेहून अधिक वर्षे उलटली. तरी दुर्बीण निवडताना किती पट हे आधी विचारले जाते आणि डोळ्यापासून किती दूर, हे शेवटी.

राहता राहिला माणूस. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात रायफलीवर मोठे दाखवणारी दुर्बीण लावायला परवानगीच नाही. मागे बारीक छिद्र, पुढे एक कडे, आणि दहाचा ठिपका सव्वा सेंटीमीटरहूनही लहान. गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून तो ते करतो, कारण त्याच्या अंगात वर्षानुवर्षांचा सराव आहे. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवले तेही अशाच साइटवर. नेमबाजीत ज्या राज्याने देशाला इतके दिले, त्याच राज्यातल्या लोकांना काच हाच नेम वाटावा हे मला पटत नाही.

यावर शेवटचा आक्षेप येईल, तो सर्वांत खरा आहे. सराव, शाळा, शिस्त हे सगळे ठीक, पण आज रात्री उसाच्या कडेला मूल खेळते आहे, त्याचे काय? त्याचे उत्तर लांब पल्ल्याच्या रायफलीत नाही म्हणूनच हा लेख. आज रात्रीचे उत्तर म्हणजे वेळेवर येणारा पिंजरा, गुंगीची सुई अचूक मारणारा पशुवैद्य, गर्दी आवरणारे पोलीस, शेतावर दिवसा मिळणारी वीज म्हणजे रात्री पाणी द्यायला जावे लागणार नाही, आणि घराभोवती उजेड. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. तिथल्यासारखा अनुभव असलेली माणसे तालुक्या-तालुक्यात तयार करायला दुर्बिणींच्या खरेदीपेक्षा जास्त वेळ लागेल हे खरे. पण एक चुकीची खरेदी तो वेळ वाचवत नाही, ती फक्त काही तरी केल्याचे समाधान देते.

आणि जिथे कायद्याने, लेखी आदेशाने, अखेरचा उपाय म्हणून गोळी झाडायचीच आहे, तिथे माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक विभागात मोजके, नावानिशी ठरलेले नेमबाज असावेत आणि दर तिमाहीला त्यांची परीक्षा मंद उजेडात, साठ मीटरच्या आत व्हावी. त्यांच्या रायफलीवर कमी पटीची, उजळ दुर्बीण असावी. तिची बैठक शस्त्रकारखान्यातल्या प्रशिक्षित माणसाने केलेली असावी आणि तिच्या झिरोची नोंदवही रायफलीबरोबरच राहावी. मोहिमेवर निघण्याआधी एक खात्रीची गोळी चांदमारीवर झाडल्याशिवाय रायफल जीपमध्ये चढू नये. गोळीमागे काय आहे हे न दिसता ट्रिगर दाबणाऱ्याला, तो कितीही नावाजलेला असो, पुन्हा परवानगी मिळू नये. सुई मारायच्या बंदुकीलाही हीच शिस्त लागू व्हावी, कारण तिची सुई गोळीपेक्षा कितीतरी संथ जाते, अंतराची चूक तिथे अधिक महाग पडते, आणि ती नीट लागली तर गोळीची वेळच येत नाही.

लांब पल्ल्याच्या दुर्बिणीसाठी मोर्चा काढणाऱ्यांनी हाच मोर्चा या पाच-सहा मागण्यांसाठी काढावा. त्या मोर्चात मीही चालेन. पण उसाच्या कडेला चोवीस पटीची दुर्बीण घेऊन उभ्या राहिलेल्या नवशिक्याच्या हाती आपली मुले आणि आपले जंगल सोपवायला मी तयार नाही, आणि कुणीही तयार होऊ नये.